वाचक विचारतात : स्लॅलम बोर्ड आणि त्याची फिन

फेब्रुवारी लागला की कोकण किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे नियमित होतात आणि आमच्याकडे विंडसर्फिंगची पत्रं वाढतात. यंदाची बरीच पत्रं स्लॅलम, म्हणजे वेगाच्या शर्यतीच्या, बोर्डांबद्दल आहेत. बोर्ड चिकटतो, उडतो, सरकतो, वाऱ्यावर चढत नाही (वारा येतो त्या बाजूकडे तिरका जात नाही) अशा तक्रारी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ फिनपाशी (शेपटाखालच्या उभ्या पात्यापाशी) नाहीतर ती बसवण्याच्या पद्धतीपाशी निघतं. नवा बोर्ड किंवा नवं शीड घेण्याआधी हे वाचा.

प्रश्न : सेकंडहँड स्लॅलम बोर्ड घेतला आहे. रुंदी ८० सेंमी, १२५ लिटर. शीड ८ चौरस मीटरचं, माझं वजन ७८ किलो. बोर्डबरोबर ३६ सेंमीची फिन मिळाली. १३-१४ नॉट वाऱ्यातही प्लेनिंग (बोर्ड पाण्यावर उचलून घसरू लागणं) उशिरा येतं, वाऱ्यावर चढता येत नाही आणि मागच्या पायाने जोर दिला की शेपूट सरकतं. बोर्डातच काही दोष असेल का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : बोर्ड बहुधा ठीक आहे. फिन त्याची नाही. ३६ सेंमीची फिन ६५ सेंमीच्या आसपास रुंद असलेल्या बोर्डला शोभते. विकणाऱ्याने घरात होती ती दिलेली दिसते.

अंदाजासाठी एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. बोर्डची जास्तीत जास्त रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, निम्मी करा आणि त्यात ३ ते ४ मिळवा. ८० सेंमीच्या बोर्डला ४३-४४, ७० सेंमीला ३८-३९, ६० सेंमीला ३३-३४. ही त्या बोर्डची मधली फिन झाली. शीड मोठं, वारा हलका आणि स्वार वजनदार असेल तर तिच्याहून २ सेंमी लांब. शीड लहान आणि वारा जोराचा असेल तर २ ते ४ सेंमी आखूड. यापलीकडे गेलात की बोर्ड बिघडल्यासारखा वागू लागतो.

असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढची खरेदी चुकणार नाही. फिनची आडवी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० नॉटवरून १४ वर आला की तीच फिन त्याच कोनात निम्मीच उचल देते. शीड मात्र बाजूला ढकलतच असतं. मग फिनला पाण्यात जास्त तिरकं व्हावं लागतं, आणि एका मर्यादेनंतर तिच्या कमी दाबाच्या बाजूवर पृष्ठभागावरून हवा ओढली जाते. हवेचा थर चढला की पकड संपते आणि शेपूट सरकतं. हाच स्पिन-आउट. तुमच्या आखूड फिनवर हे १४ नॉटच्या वाऱ्यातच होतंय, कारण रुंद शेपटाच्या बोर्डवर पाय अडकवायचे पट्टे कडेला असतात आणि तिथून पायाचा रेटा मोठ्या तरफेने फिनवर येतो.

तेव्हा ४४ ची एक फिन घ्या. दुसरी घेणं जमलं तर ४०-४१ ची, १८ नॉटच्या पुढच्या दिवसांसाठी. विकत घेण्याआधी फिनची पेटी, म्हणजे बोर्डातली ती बसवायची जागा, कोणती आहे ते पाहा. डेकवरून, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूने, दोन स्क्रू येत असतील तर टटल किंवा डीप टटल, एकच येत असेल तर पॉवर बॉक्स. साध्या टटल मुंडीची (पेटीत जाणाऱ्या भागाची) फिन डीप टटल पेटीत लांब स्क्रू लावून बसते, पण तिला आधार कमी मिळतो. डीप टटलची मुंडी साध्या टटल पेटीत बसतच नाही. ४४ सेंमीसारख्या लांब फिनला डीप टटलच हवी.

अलिबागकरांना आणखी एक सांगायला हवं. तुमचा किनारा उथळ आहे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात. ४४ ची फिन घेऊन कमरेएवढ्या पाण्यात बोर्डवर चढायला गेलात की ती वाळूत रुतते आणि पेटी तडकते. छातीएवढं पाणी हवं. त्यासाठी कोळ्यांचा जुना हिशेब वापरा : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. शुक्ल पक्ष असो की कृष्ण. वारा दुपारी दोन ते पाच चांगला असतो, म्हणजे तृतीया ते षष्ठी हे तुमचे लांब फिनचे दिवस. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे पाणी दुपारभर चढतं असतं, तेही सोयीचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास होते आणि पाणी उतरत जातं. त्या दिवशी दोनला उतरलात तर पाचला परतताना बोर्ड डोक्यावर घेऊन बरंच चालावं लागेल. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा.

प्रश्न : फिनची लांबी बरोबर आहे (७० सेंमीच्या बोर्डला ३९), तरी स्पिन-आउट होतो. विशेष म्हणजे एकाच दिशेला जाताना होतो, परतताना नाही. फिन जी-१० ची (काचतंतू आणि इपॉक्सीची) आहे आणि खडकाला लागून पुढच्या कडेवर दोन-तीन खाचा पडल्या आहेत. शिवाय वेग घेतला की ती गुणगुणते. घरी दुरुस्त होईल का?
— एक वाचक, चिवला, मालवण

उत्तर : होईल. दुखणं कुठे आहे ते तुमच्या पत्रातच आलं आहे. एकाच दिशेला स्पिन-आउट होतो याचा अर्थ फिनच्या दोन बाजू सारख्या राहिलेल्या नाहीत, किंवा ती पेटीत तिरकी बसते आहे.

आधी तिरकेपणा तपासा, त्याला पाच मिनिटं लागतात. बोर्ड पालथा घाला. नाकाच्या मध्यापासून शेपटाच्या मध्यापर्यंत शिवणाचा दोरा ताणून चिकटवा आणि फिनची पुढची व मागची कड दोऱ्याच्या रेषेत येते का ते पाहा. मग फिनच्या टोकापासून दोन्ही कडांच्या समोरासमोरच्या बिंदूंपर्यंत टेपने मोजा. दोन मापांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर खाचांकडे नंतर वळा, आधी फिन सरळ बसवा. (कशी, ते दापोलीच्या पत्राच्या उत्तरात आहे.)

आता खाचा. फिन गोड्या पाण्याने धुऊन दिवसभर वाळू द्या आणि अ‍ॅसिटोनने पुसा. सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात तेल असतं आणि इपॉक्सी धरत नाही. १ मिमीहून उथळ खाच भरण्याच्या भानगडीत पडू नका. ३२० नंबरचा पाणकागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि ओल्या फिनवर लांब हात मारत कड सपाट-सलग करा. बोटाने घासलंत तर खाचेच्या जागी खळगा तयार होतो, तो खाचेइतकाच वाईट.

खोल खाचेला आतून १२० नंबरने खरखरीत करा. सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांतला नको. त्यात फिन घासताना पडलेली जी-१० ची भुकटी वाळवून मिसळा, लुकणासारखं घट्ट होईपर्यंत. खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बांध घाला आणि खाच १ मिमी वर येईल इतकी भरा. २४ तास हात लावू नका. आपल्या दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या स्क्रबने काढल्याशिवाय घासायला घेतलंत तर पाणकागद लगेच तुंबतो. नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी इथे वापरू नका; पातळ कडेवर ती पहिल्याच आपटीत निघून येते.

घासताना खाचेच्या १ सेंमी वर आणि १ सेंमी खाली, जिथे फिन शाबूत आहे, तिथला आकार जाड पुठ्ठ्यावर कापून घ्या. तो पुठ्ठा डाव्या बाजूने लावा, उलटवून उजव्या बाजूने लावा. उजेडासमोर धरल्यावर दोन्हीकडे सारखीच फट दिसली पाहिजे. पुढची कड धारदार करायची नाही. ती गोलसर असते म्हणूनच कोन थोडा चुकला तरी पाणी तिला धरून वाहतं. ३२०, ४००, ६०० या क्रमाने ओलं घासा आणि ६०० वर थांबा. आरशासारखी चकाकी आणण्यात दुपार घालवण्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते पुन्हा एकदा तपासा. नाकातोंडावर मास्क हवाच, कारण ही भुकटी काचतंतूंची असते.

गुणगुण मागच्या कडेतून येते. तिथली कड जाड किंवा गोल झाली की पाणी सुटताना आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सोडतं आणि फिन थरथरते. कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ करा आणि तिचा शेवट गोल न ठेवता चौकोनी काटा. पुष्कळदा तेवढ्याने आवाज बंद होतो. आवाज स्वतः फारसा वेग खात नाही, पण कड बिघडल्याची खबर देतो.

प्रश्न : ७० सेंमीचा बोर्ड, ७ चौरस मीटरचं शीड, फिन ४२, माझं वजन ६५ किलो. संध्याकाळी वारा १८ च्या पुढे गेला आणि खळबळ वाढली की नाक वर उठतं, वाऱ्याकडची कड उचलली जाते आणि बोर्ड शेपटावर नाचायला लागतो. मित्र म्हणतो मास्ट फूट (मास्ट बोर्डला जोडणारा सांधा) मागे घे, दुसरा म्हणतो पुढे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पुढे म्हणणाऱ्याचं. पण तुमच्या वजनाला आणि त्या वाऱ्याला ४२ ची फिन मोठी आहे हे कोणीच सांगितलेलं दिसत नाही. लांब फिन वाकते आणि तिची उचल थोडी वरच्या दिशेनेही लागते. हलक्या वाऱ्यात हेच बोर्ड मोकळा करतं. जोराच्या वाऱ्यात ६५ किलोचा माणूस ती कड दाबून ठेवू शकत नाही. १८ नॉटच्या पुढे ३७-३८ लावा. इतर कुठल्याही बदलाने याची भरपाई पुरती होत नाही.

दुसरी फिन येईपर्यंत पुढचे बदल या क्रमाने करा. एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही दिशांना दोन-दोन फेऱ्या. तीन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पहिला डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टवर खाली ताणणारी दोरी. शिडाच्या वरच्या भागातली मागची कड सैल पडून फडफडली पाहिजे, वरून दुसऱ्या-तिसऱ्या काडीपर्यंत. तिथे शीड ताठ दिसत असेल तर डाउनहॉल १ सेंमी वाढवा. ताठ शिडातून झुळूक निसटत नाही, ती सगळी मागच्या हातात येते आणि नाक उचलतं. नुसत्या हाताने ओढून पुरत नाही. पुली आणि दांडा वापरा.

मग बूम, म्हणजे हातात धरायचा दांडा. किनाऱ्यावर मास्ट बोर्डवर उभा करून बूम हनुवटी ते नाकाच्या दरम्यान येतो. तुमचा नाकाशी असेल तर २-३ सेंमी खाली घ्या. उंच बूमने बोर्ड हलका होतो. तुम्हाला आता उलट हवं आहे.

त्यानंतर मास्ट फूट. तो ज्या खाचेत सरकतो तिच्या मध्यापासून सुरुवात करा आणि १ सेंमी पुढे सरकवा, मग आणखी अर्धा. पुढे नेल्याने शिडाचं वजन नाकावर येतं आणि बोर्डचा जास्त भाग पाण्याला टेकतो. एका ठिकाणी बोर्ड चिकटल्यासारखा, ओला वाटू लागेल. तिथून अर्धा सेंमी मागे. ती जागा बोर्डवर मार्करने खूण करून शिडाचं माप लिहून ठेवा. लहान शिडाला जागा वेगळी निघते.

हार्नेस (कमरेचा पट्टा) अडकवायच्या बूमवरच्या दोऱ्याही तपासा, कारण त्या चुकल्या तर वरचं सगळं ट्यूनिंग फसवं ठरतं. वेगात असताना दोन्ही हात क्षणभर बूमवरून सैल करा. मागचा हात ओढला जात असेल तर दोऱ्या २ सेंमी मागे, पुढचा ओढला जात असेल तर पुढे. मागच्या हाताने शीड ओढून धरणारा माणूस नकळत मागच्या पायावर रेलतो आणि फिनलाच रेटतो.

इतकं करूनही नाचला तर पट्टे एक भोक पुढे घ्या. वेग थोडा कमी होईल, पण तुमचं वजन बोर्डच्या मध्याकडे येईल. आणि २० च्या वर वारा टिकणार असेल तर सरळ ६ चौरस मीटरच्या आसपासचं शीड लावा. गुहागरच्या लांब सरळ किनाऱ्यावर वायव्येचा वारा तिरका किनाऱ्याकडे येतो, म्हणजे थकलात तरी बाहेर वाहून जात नाही. तरीही मोठ्या शिडाने झुंजत राहण्यात शिकण्यासारखं काही नाही.

प्रश्न : फिन गच्च आवळली तरी टोकाला धरून हलवल्यावर खटखट वाजते. आधीची फिन मात्र अशी अडकली होती की निघता निघेना. दोन्ही त्रास एकाच पेटीत कसे?
— एक वाचक, कर्दे, दापोली

उत्तर : टटल फिनची मुंडी पुढच्या-मागच्या तिरक्या भिंतींवर पाचरीसारखी बसते. या भिंती घट्ट टेकायच्या आधीच मुंडीचा माथा पेटीच्या छताला लागला तर स्क्रू आवळल्यासारखे वाटतात, पण फिन धरलेली नसते. मुंडीवर सगळीकडे पांढरा खडू फासा, फिन बसवा, हाताने आवळा, काढा. खडू कुठे पुसला ते दिसेल. माथ्यावर पुसला असेल तर माथा अर्धा-अर्धा मिलिमीटर घासा. फक्त एका बाजूला पुसला असेल तर दुसऱ्या बाजूला इपॉक्सीचा पातळ थर देऊन सपाट घासा; तिरकी फिन सरळ करण्याचाही हाच मार्ग आहे. तात्पुरतं काम चिकटपट्टीच्या एका थराने भागतं.

स्क्रूही मोजा. टटलला ६ मिमीचे, म्हणजे एम-६, स्क्रू लागतात आणि त्यांच्या एका पूर्ण फेऱ्याला आटा १ मिमी पुढे जातो. फिनमध्ये किमान ८ फेरे गेले पाहिजेत. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो मुंडीतल्या भोकाच्या तळाला टेकून आवळला जातो आणि फिन सैलच राहते. पोलाद ३१६ प्रतीचं मागा. बाजारात सर्रास मिळणारं ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर ठिपके धरतं. आवळताना दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा, आणि पहिल्या दोन फेऱ्या मारून आल्यावर पुन्हा एकदा. रेंचवर लटकू नका, डेक खचतो.

अडकण्याचं कारण मुंडीभोवतीची वाळू आणि वाळलेलं मीठ. दर वेळी पाण्यातून आल्यावर फिन काढा आणि पेटी गोड्या पाण्याने धुवा. अडकलीच तर बोर्ड डेक वर करून दोन उशांवर ठेवा, फिन खाली मोकळी लटकू द्या. दोन्ही स्क्रू ५-६ फेरे अडकलेले राहतील इतके सैल करा, पेटीवर सोसवेल इतकं गरम पाणी ओता आणि स्क्रूच्या डोक्यांवर रबरी हातोडीने आळीपाळीने हलके ठोके द्या. स्क्रू जेमतेम दोन फेऱ्यांवर असताना ठोकलंत तर आटे जातात. फिन धरून डावी-उजवी हलवणं तर मुळीच नको, पेटी त्यानेच फुटते.

प्रश्न : आमच्याकडे शेवाळ आणि नायलॉनच्या तुटक्या दोऱ्या फिनमध्ये सारख्या अडकतात. वीड फिन घ्यावी का? किती लांबीची?
— एक वाचक, देवबाग

उत्तर : घ्या, पण रोज लावू नका. वीड फिनची पुढची कड ४५ अंशांच्या आसपास मागे झुकलेली असते, त्यामुळे शेवाळ घसरून जातं. तिची खोली कमी आणि रुंदी जास्त असते. ४० च्या उभ्या फिनच्या जागी साधारण ३० ते ३२ खोलीची पुरते. प्लेनिंग थोडं उशिरा येईल, वाऱ्यावर कमी चढेल, आणि मागचा पाय सुरुवातीला हलका ठेवावा लागेल. कर्ली नदीच्या मुखापाशी वाळूचे दांडे आहेत, तिथेही कमी खोलीचा फायदा होतो.

दोरीसाठी वीड फिनवर विसंबू नका. हार्नेसवर दोरी कापायचा आकडीचा चाकू ठेवा, तो सुटलेल्या तुकड्यासाठी. कोणाचं जाळं कापायचं नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असताना तिच्या अर्धवर्तुळात शिरू नका; बोये कुठून कुठे गेले आहेत ते किनाऱ्यावर विचारून मगच उतरा.

प्रश्न : जून ते ऑगस्ट बोर्ड घरात पडून असतो. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फिन, पट्टे, मास्ट फूट सगळं काढा, धुवा, वाळवा. हवेचा स्क्रू असेल तर तो सैल करून ठेवा. पत्र्याच्या छपराखाली आतली हवा तापून फुगली की डेकखालचा थर सुटतो, आणि हे पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये जास्त होतं. सप्टेंबरमध्ये पाण्यात नेण्याआधी तो स्क्रू पुन्हा आवळायचा, हे स्क्रूशेजारीच चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

ठेवण्याआधी बोर्डचं वजन करा : काट्यावर आधी तुम्ही एकटे, मग बोर्ड घेऊन. सप्टेंबरमध्ये पुन्हा. दोन वजनांत फरक निघाला, किंवा बोर्ड जड झाला आहे असं मोसमाच्या शेवटी वाटलं असेल, तर पाणी आत गेलंय, भेग शोधा. पालथा ठेवून शेपटाकडच्या ६० सेंमी भागावर मीटरभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लांबीच्या दिशेने ठेवा आणि मागून टॉर्च मारा. हा भाग सपाट असायला हवा. मिलिमीटरभर खळगा किंवा फुगवटा असला तरी बोर्डचं नाक आपटतं किंवा उठतं, आणि लोक फिन बदलत बसतात.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या स्लॅलम बोर्डला फॉइल लावता येईल का? पेटी डीप टटल आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बोर्डवर उत्पादकाने फॉइल (बोर्ड पाण्याबाहेर उचलणारे, लांब दांड्याला लावलेले पाण्याखालचे पंख) चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नको. फिनचा रेटा बहुतांश आडवा असतो. फॉइलचा मास्ट, म्हणजे तो दांडा, फिनहून किती तरी लांब असतो आणि तो पेटीला पुढे-मागेही उपटतो. फॉइलसाठी बनवलेल्या बोर्डांत पेटीभोवती जादा मजबुती दिलेली असते, ती तुमच्या बोर्डात असेलच असं नाही. शिवाय फॉइलला छातीहून बरंच खोल आणि जाळ्यांपासून मोकळं पाणी लागतं. तोच खर्च करायचा असेल तर दुसऱ्या मापाची चांगली फिन घ्या, आणि बोर्डची रुंदी व शिडाचं माप आम्हाला कळवा. कोणती ते सांगू.